मला शहाणा मुलगा दे

प्रश्न तिसऱ्या रांगेतून आला.

"आईवडील नको म्हणत असले, तरी मुलांनी त्यांना आपल्याकडे घेऊन जावं का?"

विचारणारा माणूस पंचेचाळिशीच्या आसपासचा होता. निळसर शर्ट, बारीक कापलेले केस. प्रश्न विचारून झाला, स्वयंसेवकानं त्याच्या हातातला माईकही काढून घेतला, तरी तो खाली बसायचं विसरला होता. शेजारच्यानं कोपर ओढलं तेव्हा बसला.

मी रंगमंचाच्या डाव्या कडेला उभी होते. अल्ताफ पेटीवर हात ठेवून तयार होता. आता हेरलेकरबाई बोलणार, मग आम्ही त्यावर नाटक उभं करणार, हा आमचा रिवाज. बाई कोणत्याही प्रश्नाला थांबत नसत. मृत्यू म्हणा, देव म्हणा, नळाचं पाणी म्हणा, प्रश्न कानावर पडला की त्यांचं वाक्य तयार असे. त्या दिवशी मात्र त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि परत घातला. मला वाटलं, रंगत वाढवतायत. मनातल्या मनात मी त्यांना दादही दिली.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि लोकांना हसवण्यात आपला हात कुणी धरू शकत नाही, अशी माझी खात्री होती. ती फारशी चुकीचीही नव्हती.

हेरलेकरबाई मिरजेच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. आमची जोडी जमवली ती गावच्या उन्हाळी व्याख्यानमालेचे चिटणीस चौगुलेसर यांनी, तीही अडचणीपोटी. त्यांच्याकडे एकच संध्याकाळ उरली होती आणि नावं दोन होती. बाईंच्या व्याख्यानाला लोक यायचे नाहीत, माझ्या कार्यक्रमाला यायचे. पण समितीतली मंडळी म्हणत, पोरगी हसवते खरी, विषय काय तिचा? चौगुलेसरांनी दोघींना एकाच संध्याकाळी बसवलं आणि आम्हाला सांगितलं, "एकीला लोक नाहीत, दुसरीला विषय नाही. तुम्ही आपसात बघा."

मी फणकाऱ्यानंच बाईंच्या घरी गेले होते. त्यांनी चहा दिला आणि विचारलं, "मगदूम, तू लोकांना हसवतेस. कुणाला हसतात ते?"

विद्यार्थ्यांना आडनावानं हाक मारायची त्यांची सवय होती. मी त्यांची विद्यार्थिनी कधीच नव्हते, तरी त्या दिवसापासून मगदूमच झाले.

"सासूला हसतात," मी म्हणाले. "पुढाऱ्याला, मास्तरला."

"त्या सासवा सभागृहात असतात का?"

"असतात की."

"त्या हसतात?"

"हसल्यासारखं करतात."

"मग अर्धंच काम झालं तुझं." त्यांनी मला पूर्वपक्ष म्हणजे काय ते समजावलं. जुन्या काळी वाद घालताना आधी समोरच्याची बाजू मांडायची, आणि तीही अशी, की तोच म्हणाला पाहिजे, हो, अगदी हेच म्हणायचं होतं मला. त्यानंतर हिंमत असेल तर ती खोडायची. "ज्याची टिंगल करायची, त्याचं म्हणणं आधी त्याच्याहून चांगलं मांडता आलं पाहिजे तुला."

मी त्यांना आमचा नियम सांगितला. लिहिलेलं काही नसतं, पाठ काही नसतं. जोडीदार जे बोलला ते घडलं. नाही म्हणायचं नाही, पुढे न्यायचं. "म्हणजे समजा, मी म्हटलं, बाई, तुमच्या डोक्यावर कावळा बसलाय, तर तो बसलाय."

बाईंनी मान जराही न हलवता वर पाहिलं. "मघापासून बसलाय. मी त्याला हाकलत नाहीये, कारण त्याचं म्हणणं अजून पुरतं ऐकून झालेलं नाही."

मी त्याच क्षणी हरखले. अशी जोडीदार मला नाट्यशिबिरांत मिळाली नव्हती.

पहिल्या प्रयोगात कुणीतरी विचारलं, वेळ म्हणजे काय? बाई थोडं बोलल्या, मग मी एसटीच्या चौकशीच्या खिडकीत बसले आणि बाई प्रवासी होऊन आल्या. "गाडी कधी येईल?" "आली की येईल." "म्हणजे येण्याआधी तिला वेळ नाही?" "बाई, गाडी आली की वेळ होते. आधी वेळ झाली आणि गाडीच आली नाही, तर त्या वेळेचं मी काय करू?" बाईंनी खिडकीवर हात टेकले आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाल्या, "तुम्ही खात्यात फुकट चाललाय." सभागृह दोन मिनिटं हसत होतं, आणि घरी जाताना लोक वेळेवर वाद घालत होते. त्यानंतर सांगली, इचलकरंजी, निपाणी, कराड, बोलावणी येतच गेली. पुढच्या महिन्यात पुण्याच्या एका मोठ्या नाट्यगृहात प्रयोग ठरत होता. मी, अल्ताफ, चौगुलेसर, सगळे हवेत होतो. बाई फक्त 'बघू' म्हणत होत्या. त्यांच्या बघूचा अर्थ मी कधी विचारला नाही.

तर ती संध्याकाळ. व्याख्यानमालेनं वर्षभरानं आम्हाला परत बोलावलं होतं, सभागृह भरलेलं, लोक भिंतीला टेकून उभे. बाईंनी चष्मा घातला आणि म्हणाल्या, "प्रश्न चांगला आहे. पण आज मी आधी बोलणार नाही. सरळ नाटकच करू. मगदूम, तू मुलगा. मी आई."

मला फार बरं वाटलं. असला मुलगा माझ्या हातचा मळ होता. मी अल्ताफकडे पाहिलं, त्यानं विमान उतरल्यासारखा सूर काढला, आणि मी चाकांची बॅग ओढत, तोंडात शब्द घोळवत परदेशी मुलगा होऊन आत आले.

"ममी! चल, पॅक कर. तुला मी सामानात टाकू की हातातल्या बॅगेत मावशील?"

लोक खदखदले.

"मावेन," बाई म्हणाल्या. "पण माझं पुस्तकांचं कपाट?"

"तिकडे पुस्तकं कुणी वाचत नाही, ममी. तिकडे स्वच्छता असते."

टाळ्या. मला आणखी चेव आला. घर विकायची घाई, बायकोचा फोन, आईच्या लोणच्याच्या बरणीवर कस्टमवाल्यांची धाड, एकामागून एक सुटत होतं. बायका डोळे पुसून हसत होत्या. बाई साथ देत होत्या, पण त्यांची उत्तरं आखूड होत चालली होती. आणि मग त्यांनी आमच्या नियमात कधीच न बसणारी गोष्ट केली. हात वर केला.

"थांब, मगदूम. हा कोण आहे?"

"मुलगा आहे, बाई."

"मूर्ख आहे."

"हो," मी म्हणाले. लोक परत हसले.

"मूर्खाशी वाद जिंकून मी काय मिळवलं? घरी जाऊन मला झोप येईल का?" त्या खुर्चीत ताठ बसल्या. "मला शहाणा मुलगा दे."

हशा विरला. मी चिडले होते, हे सांगून टाकते. चाललेला प्रयोग कुणी थांबवतं का? बॅग बाजूला ठेवली, आवाज साधा केला आणि सुरुवात केली.

"आई, तिकडे डॉक्टर जवळ आहेत."

"इथेही आहेत. शिवाय इथले माझे विद्यार्थी आहेत, त्यामुळे घाबरून नीट तपासतात."

"तिकडे लिफ्ट आहे."

"वर जायचंच आहे मला. लिफ्टची गरज पडणार नाही."

"तुला सोबत होईल."

"कुणाची? तुम्ही दोघं ऑफिसात, मुलगी शाळेत. म्हणजे एकटी इथे राहायचं, की एकटी तिकडे, एवढाच फरक. इथला एकटेपणा मला ओळखीचा तरी आहे."

लोक आता बाईंच्या बाजूनं टाळ्या वाजवत होते. माझ्याकडचे मुद्दे संपले होते, आणि मुद्दे संपले की मी प्रेक्षकांकडे बघते. तिसऱ्या रांगेतल्या त्या माणसाकडे माझं लक्ष गेलं. तो हसत नव्हता. दोन्ही हात गुडघ्यांवर, पुढे झुकलेला. दवाखान्याच्या बाकावर आतून नाव पुकारायची वाट बघत माणसं बसतात, तसा.

मी बाईंच्या पायाशी, रंगमंचाच्या फळ्यांवर तशीच बसले. हात गुडघ्यांवर ठेवले, पुढे झुकले. असं कुणासारखं बसलं की आत काहीतरी हलतं, हे आमच्या कामातलं मला मिळालेलं सगळ्यात मोलाचं ज्ञान आहे. माझ्या डोळ्यांसमोर बाईंचं डावं मनगट होतं. मागच्या महिन्यात त्यावर पट्टी होती. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या होत्या, कपाटातून पुस्तकं काढताना लागलं. तेव्हा मी ते खरं मानून चालले होते.

"आई," मी म्हणाले, "हे मनगट कसं दुखावलं?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. रंगमंचावर जोडीदार जे बोलला ते घडलं. त्यांना नाही म्हणता येत नव्हतं, आणि मला वाटतं, त्या दिवशी म्हणायचंही नव्हतं.

"पडले."

"कुठे?"

"न्हाणीघरात."

"कधी?"

"सकाळी. दूधवाला नुकता येऊन गेला होता."

"कुणी उचललं?"

"शांताबाई भांड्यांना आल्या, त्यांनी."

"त्या कधी येतात?"

"दुपारी," त्या म्हणाल्या.

लोकांना वाटत होतं, काय अभिनय चाललाय. बाईंना अभिनय येत नाही, हे मला मात्र ठाऊक होतं. प्रत्येक भूमिकेत त्या स्वतःच असत, यातच त्यांची सगळी गंमत होती.

आता मी दोन गोष्टी करू शकत होते. एक विनोद सोडून सगळ्यांची सुटका करायची. तो जिभेवर तयार होता. किंवा मुलगा होऊन पुढे जायचं. मी पुढे गेले.

"तू फरशीवर होतीस तेव्हा मी कुठे होतो?"

"तुझ्या गावी."

"काय करत होतो?"

"मला कसं ठाऊक?"

"मी सांगतो. मी मीटिंगमध्ये होतो. कुणीतरी काहीतरी गमतीचं बोललं आणि मी हसत होतो. त्या रात्री फोनवर तू म्हणालीस, मजेत आहे, आणि मी त्यावरही हसलो. आता मी कधीही हसलो की मला वाटणार, या क्षणी ती कुठे पडली असेल? तू म्हणतेस, एकटी राहते, माझं आयुष्य माझं. असू दे. पण पडणं तुझं एकटीचं नाही ना, आई. ते माझ्याकडे उशिरा पोचतं, एवढंच."

रंगमंचावर बाईंना 'तू' म्हणायची वेळ आधीही आली होती. पण इतक्या वेळा, इतक्या जवळून कधी म्हटलं नव्हतं.

बाई सावरल्या. त्या लढणाऱ्या होत्या. "म्हणजे तुझी भीती जावी म्हणून मी माझं घर सोडायचं? भीती तुझी, घर माझं. हा कुठला हिशोब?"

"हो, भीती माझी आहे. ती मी तुझ्याकडूनच शिकलो. शाळेतून यायला उशीर झाला की तू चौकात येऊन उभी राहायचीस. खेळायला जाऊ द्यायची नाहीस नदीवर. तेव्हा मी तुला म्हटलं नाही, की आई, भीती तुझी आहे आणि नदी माझी."

कुणीतरी हसलं आणि अर्ध्यात थांबलं. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत मी तो शोध ओळखत होते. वाक्याच्या भेगा शोधायच्या त्या, बोट फिरवून. शोधत राहिल्या. मग त्यांनी हात मांडीवर ठेवले.

"मान्य," बाई म्हणाल्या. "याला माझ्याकडे उत्तर नाही. येते मी तुझ्याबरोबर."

अल्ताफनं हलकेच शेवटचा सूर धरला. मी उठून नमस्कार करणार, तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून आवाज आला.

"नाही. हे चूक आहे."

तो निळ्या शर्टातला माणूस पायऱ्या चढून वर येत होता. चौगुलेसर त्याला अडवायला धावले. बाई म्हणाल्या, "येऊ द्या त्यांना, सर." तो माझ्यासमोर उभा राहिला. त्याचा चेहरा ओला होता आणि तो पुसायचं त्याच्या लक्षात नव्हतं.

"मी गौतम हेरलेकर," तो म्हणाला. "या माझ्या आई आहेत."

असा आवाज मी कुठल्याही सभागृहात परत ऐकला नाही. सगळ्या लोकांनी एकदम श्वास आत घेतला होता. बाईंचा मुलगा बंगलोरला असतो एवढंच मला ठाऊक होतं. त्यांच्या घरी त्याचा एकच फोटो होता, शाळेच्या गणवेशातला.

"मी आईला न्यायलाच आलोय," गौतम म्हणाला. "काल रात्री आमचं भांडण झालं. सकाळीही झालं. मग मला वाटलं, घरात ऐकत नाही, तर लोकांसमोर विचारतो. पण..." तो माझ्याकडे वळला. "तुम्ही जे बोललात ना, तेच मला म्हणायचं होतं. मला ते कधी म्हणताच आलं नाही, मी नुसता लिफ्टचं आणि डॉक्टरचं सांगत बसलो. आणि तरी ते चूक आहे."

"का?" बाईंनी विचारलं. वर्गात विचारावं तसं.

"कारण मी गेला तासभर तुला बघतोय, आई. तू आमच्याकडे येतेस तेव्हा बाल्कनीत बसतेस. 'जेवलास का' आणि 'पाणी आलं का' एवढंच बोलतेस. मला वाटायचं, आई म्हातारी झाली. आज बघतोय तर तू म्हातारी नाहीसच. तू आमच्याकडे आलीस की म्हातारी होतेस. मी तुला नाही नेणार."

"हा नवीन मुद्दा आहे," बाई म्हणाल्या, आणि सभागृह फुटलं. लोक इतका वेळ हसायची परवानगी मागत असावेत.

"मुद्दा बिद्दा नाही. तू इथेच राहायचंस."

"मी येणार आहे. मी आत्ता सगळ्यांसमोर मान्य केलंय."

"तू ते नाटकात मान्य केलंस!"

"मान्य नाटकात केलं की बाहेर, त्यानं खरं बदलत नाही. मी वाद हरले आहे, गौतम. मला नीट हरू दे. तू मध्ये येऊ नकोस."

"मी मध्ये? मी मुलगा आहे तुझा!"

"मुलगा मी आहे," माझ्या तोंडून गेलं. मी अजून भूमिकेत होते की नाही, देव जाणे.

तो माझ्याकडे वळला. "ताई, तुम्ही उत्तम मुलगा केलात. पण आता मी आलोय."

"मग मी कुठे जाऊ? मी तिला पटवलंय. तुम्ही येऊन बिघडवताय."

"बघा," बाई प्रेक्षकांना म्हणाल्या, "मला एकच मुलगा होता, तो एक बाजू घेऊन भांडत होता. आता दोन झालेत आणि दोन्ही बाजूंनी भांडतायत. संसार वाढला तो असा."

पुढचा पाव तास आमच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला प्रयोग झाला. आई बंगलोरला का गेलं पाहिजे ते सांगत होती, मुलगा तिनं मिरजेतच का राहिलं पाहिजे ते सांगत होता, आणि दोघंही एकमेकांचे सकाळचे मुद्दे वापरत होते. गौतम म्हणाला, "तिकडे तुला एकटेपणा येईल." बाई म्हणाल्या, "तिकडे लिफ्ट आहे." लोक खुर्च्यांवरून घसरत होते. अल्ताफनं पेटी सोडून दिली होती आणि तोंडावर रुमाल धरला होता. मी मध्ये उभी राहून, कुणाची बाजू दुबळी पडतेय तिला हात देत होते. आणि सगळं खरं होतं.

शेवटी मागून एक म्हातारे गृहस्थ ओरडले, "अहो, पण ठरलं काय?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "मगदूम, तू राहिलीस. तुझी बाजू काय?"

पुण्याचा प्रयोग माझ्या डोळ्यांसमोर होता. ती रोषणाई, ती पाटी. "मला तुम्ही इथे हव्या आहात," मी म्हणाले.

"हा युक्तिवाद नाही."

"नाही, बाई. नुसतं खरं आहे."

त्या उठल्या. माझ्या आणि गौतमच्या मध्ये उभ्या राहिल्या. "निष्कर्ष असा, की मी सगळ्यांना हवी आहे," त्या लोकांना म्हणाल्या. "ऐकायला फार बरं वाटलं. पण राहायचं कुठे, हे त्यातून निघत नाही. ते आम्ही घरी ठरवू. तुम्ही सावकाश जा, बाहेर पायऱ्यांवर दिवा नाही."

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

आत, रंगपटाच्या खोलीत, कुणी हसत नव्हतं. गौतम बाकावर बसला होता आणि त्यानं आईचं मनगट दोन्ही हातांत धरलं होतं. दुखणं केव्हाच थांबलं होतं, तरी तो ते अंड्यासारखं धरून होता.

"दूधवाल्यापासून शांताबाईंपर्यंत," तो म्हणाला. "काय करत होतीस तेवढा वेळ?"

"पहिल्यांदा हाका मारल्या," बाई म्हणाल्या. "मग घसा दुखायला लागला. मग विद्यार्थ्यांना शिकवलेलं एक एक आठवत बसले. त्यातलं काहीही उपयोगी पडलं नाही, हे तुला म्हणून सांगते. बाहेर सांगू नकोस."

तो रडला. मी आणि अल्ताफ बाहेर जायला निघालो, तर बाईंनी आम्हाला हातानंच थांबवलं.

"मी जाणार आहे," त्या म्हणाल्या.

"आई, मी म्हटलं ना, तू इथे..."

"तू बाजू बदललीस ती मला बघून आनंद झाला म्हणून. मी बदलली ती तुझी बाजू पटली म्हणून. तुझा आनंद उद्या सकाळी उतरेल, आणि मी न्हाणीघराचं दार उघडेपर्यंत तू बाहेर उभा राहून घामाघूम होशील. माझं पटणं उतरणार नाही." मग माझ्याकडे वळल्या. "पुण्याचं जमणार नाही मला, मगदूम."

"मीच तुम्हाला घालवलं," मी म्हणाले.

"हो," बाई म्हणाल्या. "उत्तम घालवलंस."

लोकांना वाटतं, मला त्या संध्याकाळची खंत असेल. मुळीच नाही. मुलगा मूर्ख ठेवला असता तर बाई आणखी वर्षभर माझ्याबरोबर प्रयोग करत राहिल्या असत्या आणि त्या न्हाणीघराबद्दल कुणालाही कळलं नसतं. मी माझं काम इतकं चांगलं केलं की माझी जोडीदार गेली. इतकं चांगलं काम मी त्याआधी केलं नव्हतं.

बाई त्याच आठवड्यात दुपारच्या गाडीनं गेल्या. स्टेशनवर चौगुलेसर हार घेऊन आले होते, बाईंनी तो हमालाच्या गळ्यात घातला आणि म्हणाल्या, "आज वजन याच्याकडे आहे." गाडी सुटेपर्यंत गौतम त्यांना अजूनही, वाटलं तर पुढच्या स्टेशनवर उतरू, असं सांगत होता.

पुण्याचा प्रयोग मी रद्द केला नाही. अल्ताफ म्हणाला, "बाईंची बाजू कोण सांभाळणार?" मी म्हणाले, "जो नाही म्हणेल तो."

आणि तसंच केलं. मोठं नाट्यगृह, शहाणे प्रेक्षक, मी आणि अल्ताफ दोघंच. कुणीतरी प्रश्न विचारला, शिक्षा केल्यानं माणूस सुधारतो का? मी फौजदार झाले, चोर झाले, चोराची बायको झाले. मग पुढे येऊन सांगितलं, मला वाटतं, शिक्षेनं कुणीच सुधारत नाही. कुणाला हे पटत नसेल तर त्यांनी वर यावं. बराच वेळ कुणी हललं नाही. मग एक जाडजूड निवृत्त फौजदार कठड्याला धरून वर आले. पहिल्यांदा लाजत होते. मी त्यांना खुर्ची दिली, मी चोर झाले, आणि त्यांना त्यांच्या हद्दीतल्या एका माणसाबद्दल बोलतं केलं. तो माणूस तुरुंगातून सुटून आल्यावर त्यांच्याकडेच कामाला राहिला होता. तो त्यांना सांगायचा, आत असतानाच तो पहिल्यांदा निवांत झोपला, कारण आत कुणी त्याला शोधत नव्हतं; त्या झोपेनंच तो सुधारला, असं फौजदारांचं म्हणणं. मी तीन बाजूंनी त्यांना खोडायला गेले. तिन्ही वेळा ते शांतपणे त्या झोपेपाशीच परत आले. शेवटी मी सगळ्यांसमोर म्हणाले, माझं म्हणणं मी मागे घेते. लोकांनी त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचा फोन आला.

"कसा झाला?"

"एका निवृत्त फौजदारानं मला हरवलं, बाई. भर नाट्यगृहात."

"त्याचं म्हणणं पटलं का तुला?"

"पटलं."

"काल नव्हतं ठाऊक ते आज ठाऊक झालं?"

"हो."

"मग हरलीस कसली?"

मी बोलायला तोंड उघडलं, पण तिकडून गौतमचा आवाज आला. तो बहुतेक शेजारीच उभा राहून ऐकत होता. "तसं कसं, आई? हरणं हे हरणंच. नाहीतर जिंकणाऱ्यानं काय करायचं?"

"तू ऑफिसला निघाला होतास ना?" बाई म्हणाल्या.

"निघालो होतो. पण तू त्या मुलीला काहीतरी चुकीचं शिकवतेयस."

"बस मग. बूट काढ आणि बस. मगदूम, एक मिनिट हं."

फोन कुठेतरी टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, आणि ते दोघं सुरू झाले. बाईंचा आवाज चढत होता, मध्येच हसत होता. गौतम मुद्दा मांडायचा, अडकायचा, पुन्हा मांडायचा. एक मिनिट केव्हाच होऊन गेलं. त्या दोघांना माझी आठवण राहिलेली दिसत नव्हती. मी पुण्यातल्या त्या लॉजच्या खोलीत कानाशी फोन धरून खिडकीत बसले आणि कुणाचं बरोबर आहे ते ऐकत राहिले.